तुळजाबाईंनी न बघितलेलं लग्न

आमचे हे, म्हणजे विश्राम, कासार आंबोलीच्या रस्त्याला गेली अठरा वर्षं फोटो स्टुडिओ चालवतात. अठरा वर्षांत जितकी गिऱ्हाइकं जोडली, त्याच्या निम्मी तरी त्यांनी भांडून घालवली असतील. काउंटरवर मी बसते, त्यामुळे मला ठाऊक. आणि भांडण दुसऱ्या कशावरून कधीच नाही. फोटोवरून.

समजा कुणीतरी मोबाईल नाचवत येतो. ‘दादा, ह्याचा धा बाय वीसचा फ्लेक्स करा, भाऊंचा वाढदिवस हाय.’ तो फोटो सहा ग्रुपांतून फिरून आलेला असतो. हे बोटांनी मोठा करतात आणि त्याच्याच पुढ्यात धरतात. ‘ह्यात भाऊंचा डोळा कुठाय, दाखव.’ तो म्हणतो, ‘हाय की, ह्यो काळा ठिपका.’ झालं. मग हे सुरू होतात. ‘ज्यानं काढला त्याच्या मोबाईलमधनं आण. आन फोटो म्हणून पाठवू नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव. फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप त्याला पिळून काढतंय, दर वेळेला थोडं.’ तेवढं ऐकायला वेळ कुणाला? तो उठतो नि दुसऱ्या दुकानात जातो. संध्याकाळी चौकात भाऊ झळकतात, तोंडावरून ओला हात फिरवल्यासारखे. हे येता-जाता तिथे गाडी थांबवून बघतात आणि त्या दिवशी भाकरी अर्धीच खातात. अहो, तुमचा फ्लेक्स नाही, तुमचं नाव नाही, तुमच्या पोटात का दुखतं? पण नाही.

एकदा मंडळाच्या पोरांनी इंटरनेटवरून गणपती आणला. मागे राखाडी-पांढरे चौकोन. ‘दादा, पीएनजी हाय, बॅकग्राउंड न्हाई त्याला, नुसता ठेवा.’ आता खऱ्या पीएनजीत मागची जागा खरोखर रिकामी असते, खाली ठेवाल तो रंग दिसतो. हा होता त्या रिकाम्या जागेचा नुसता फोटो. तसाच छापला असता तर बाप्पा बुद्धिबळाच्या पटावर बसले असते. दुसऱ्या एका मंडळाचे बसलेही होते. ह्यांनी दीड तास खपून हाताने कड कापली. उंदराची शेपटीसुद्धा सोडली नाही. मी म्हटलं, शेपटीकडे कोण बघतंय एवढं? तर म्हणाले, ‘गणपती बघतो की.’

असा हा माणूस. वैताग येतो, पण खोटं वाटत नाही कधी.

लग्नानंतर दोन वर्षांनी ह्यांनी पुण्याला जाऊन तीन महिने कोर्स केला आणि येताना डोक्यात एकच खूळ घेऊन आले. रॉ फाइल. लग्नाचे फोटो काढायचे ते रॉमध्ये. मी विचारलं, जेपीजीत काय वाईट आहे? कोळवण खोऱ्यात ह्यांचं आजोळ, त्यामुळे सगळं भातावरून समजावतात. ‘कॅमेऱ्यानं जे जे बघितलं ते समदं ठेवलं की ती रॉ. ते भात हाय, तुसासकट. लई जागा खातं, आन तसंच कुणाला वाढता येत न्हाई. जेपीजी म्हंजे शिजवून वाढलेलं ताट. हलकं, कुठंबी न्या. पण शिजवताना जे टाकून दिलं ते गेलं. शिजलेल्याचं परत भात हुतंय का?’ मी शिरूरची, बाजरीच्या मुलखातली. म्हटलं, आता भाकरीचं सांगा. ह्यांना हसू आलं नाही. ह्या एका बाबतीत ह्यांना हसू येत नाही.

आता माझं पाप सांगते.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. ग्रामपंचायतीच्या निवडणुका लागल्या होत्या. उमेदवारांची माणसं काउंटरवर खेटून उभी, फ्लेक्स आत्ता पाहिजे म्हणून. आणि कॉम्प्युटर म्हणतो, जागा नाही. हे वेल्ह्याकडे लग्नाला गेलेले, फोनला रेंज नाही. मी हार्डडिस्क उघडली. एका फोल्डरमध्ये बारकी बारकी तोंडं दिसत होती, नवरे-नवऱ्या, वऱ्हाडी. त्यांना हात लावला नाही. दुसऱ्या फोल्डरमध्ये नुसती पांढरी पानं, कोपरा मुडपलेली. उघडायला गेले तर उघडेनात. आणि एकेक फाइल त्या तोंडांच्या शंभरपट जड. मला वाटलं, बिघडलेल्या आहेत, मेल्या फुकट जागा अडवून बसल्यात. काढून टाकल्या. पाच-सहा वर्षांची लग्नं. वर केराची टोपलीही झाडून रिकामी केली, सवयच ना आपली. त्या जागेवर मग उमेदवारांचे फ्लेक्स जाऊन बसले.

पुढे नवा कॉम्प्युटर आला, नवी हार्डडिस्क आली, जुनी कपाटात गेली. एक दिवस मी बघते तर ह्यांनी तसल्याच एका पांढऱ्या पानावर टिचकी मारली आणि आतून अख्खी नवरी उजळली. जुन्या कॉम्प्युटरवर त्या फाइली ह्यांच्या खास सॉफ्टवेअरशिवाय उघडत नव्हत्या, एवढंच होतं. म्हणजे मी चांगल्याच फाइली पुसल्या होत्या. पण बोलले नाही. म्हटलं, जुन्या लग्नाच्या फाइली कोण मागायला येतंय? झाकली मूठ. आणि खरंच, सात वर्षं कुणी आलं नाही.

यंदा श्रावण संपता संपता तुळजाबाई आल्या.

कोळवणकडच्या, ह्यांच्या आजोळच्या गावच्या. हे त्यांना मावशी म्हणतात. त्यांचे दीर भैरू, जीप चालवतात, त्यांनी दंडाला धरून आणलं होतं. तरी दारातल्या लाईटच्या स्टँडला त्या धडकल्याच. धडकून स्टँडलाच म्हणाल्या, ‘सरक की बाई.’

भैरूंनी सांगितलं, ‘काचबिंदू हाय. मोतीबिंदू न्हवं, ऑपरेशन करून परत दिसाया. कडंकडंचं समदं गेलंया, मदलं तेवडं ऱ्हायलंय. डाक्टर म्हनला, त्ये बी दिवाळीपत्तुर टिकंल का न्हाई सांगता येत न्हाई.’

‘नळीतनं बघितल्यागत दिसतंया,’ तुळजाबाई म्हणाल्या. जसं कुणी गुडघा दुखतो म्हणून सांगावं तशा. ‘इश्राम, माज्या स्नेहलच्या लग्नाचं फोटू तूच काडलं हुतंस ना रं?’

‘व्हय मावशी. बारा वर्सं झाली.’

‘मला त्ये लगीन बगायचंय.’

आमच्याकडची रीत तुम्हाला माहीत असेल. मुलीच्या आईनं मुलीचं लग्न बघायचं नसतं. मंगलाष्टका सुरू झाल्या की तिनं मागच्या अंगणात तुळशीपाशी जाऊन बसायचं, पाणी घालायचं, आणि अक्षता पडून वाजंत्री वाजली की मगच उठायचं. आपल्याच पोटची पोर, आपणच राबराब राबून मांडलेलं लग्न, आणि नेमकं तेव्हा पाठ करून बसायचं. कुणी काढली ही रीत, देव जाणे. आईची दृष्ट लागते म्हणे. माझं चाललं तर मी आमच्या लेकीच्या, किमयाच्या लग्नात पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसणार आहे.

तुळजाबाईंनी मात्र रीत पाळली होती. स्नेहल चिपळूणला दिली, अल्बम तिकडे गेला. एकदाच गावी आला होता, तेव्हा वीस बायकांच्या हातातून फिरला, तुळजाबाईंच्या वाट्याला दोन पानं आली. आणि मग चिपळूणला घरात नदीचं पाणी शिरलं, त्यात अल्बमचा लगदा झाला. भैरूंच्या मोबाईलमध्ये तीन फोटो होते, कुणाकुणाकडून फिरून आलेले. त्यात नवरी कुठली आणि केळीचा खांब कुठला, हे मलाही कळलं नाही.

हे एकदम खुलले. ‘मावशी, काय काळजी करू नका. त्या टायमाला मी समदं रॉमधी काढत हुतो. एवढे मोठे करून देतो,’ म्हणून दोन्ही हात पसरले. ‘भिंतीएवढे. बेस्तरवारी या. कल्पना, ती जुनी हार्डडिस्क कुठाय गं?’

मी म्हटलं, ‘शोधते.’

त्या गेल्यावर मी कपाटासमोर उभी राहिले. हार्डडिस्क पुढेच होती. एकदा वाटलं, पाण्यात बुडवून ठेवावी आणि म्हणावं, गळकं छप्पर. खरंच वाटलं. पण हे मागे येऊन उभे राहिले, शिट्टी वाजवत, इतके खुशीत की मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं. पांढरी पानं, निवडणूक, केराची टोपली, सात वर्षं.

शिट्टी थांबली. मला वाटलं, आता ओरडतील. फ्लेक्सच्या एका डोळ्यासाठी परक्या माणसाला ओरडणारा माणूस. पण हे स्टुलावर बसले आणि म्हणाले, ‘मी तुला भाताचं सांगितलं, पण पोतं कसं दिसतं ते दाखवलंच न्हाई. चूक माजीबी हाय.’ ओरडले असते तर बरं झालं असतं. मी आत जाऊन रडले.

दोन दिवस ह्यांनी दुसरं काम घेतलं नाही. पुसलेलं परत काढणारं सॉफ्टवेअर लावलं. निघाले काही फोटो. वरची पट्टी बरी, मांडवाची झालर, आंब्याची पानं, आणि खाली जिथे माणसं असणार तिथे जांभळे-राखाडी पट्टे. माणसांच्या जागेवर उमेदवार बसले होते.

उरलं होतं ते दुसरं फोल्डर. अल्बमसाठी पसंती करायला गिऱ्हाइकाला दाखवतात ते बारके जेपीजी. मला तोंडं दिसली म्हणून वाचलेले. सगळेच होते, सहाशे-सातशे. पण एकेक बाराशे ठिपके रुंद आणि आठशे उंच, बस. मोबाईलवर छान दिसेल, हातभर केला की विरून जाईल. हल्ली फोटो मोठा करून देणारं एक नवीन एआय निघालंय, तेही ह्यांनी करून बघितलं. स्नेहलचं तोंड लख्ख आलं. पापण्यासुद्धा मोजाव्यात. मी म्हटलं, झालं की काम! हे बराच वेळ बघत राहिले. ‘ही स्नेहल न्हवं. तिचं नाक असं न्हवतं. त्याला जे दिसलं न्हाई ते त्यानं मनानं भरलंय. मावशीला दुसऱ्याच पोरीचं लगीन दाखवू?’ आणि ती फाइल पुसली. ही पुसताना मात्र मला विचारलं.

शेवटी त्या बारक्या जेपीजीचाच एक फोटो, होईल तेवढा सुधारून, दोन फूट बाय तीन फूट छापला. अक्षता पडतानाचा. ह्यांना तो बिलकुल पसंत नव्हता. पण गुरुवार आला होता.

तुळजाबाई आल्या. नवं लुगडं नेसून आल्या होत्या, लग्नालाच निघाल्यासारख्या. हे म्हणाले, ‘मावशी, माझ्याकडनं मूळच्या फाइली गेल्या. जमंल तसं केलंय.’ मला ते सहन झालं नाही. म्हटलं, ‘ह्यांच्याकडून नाही, माझ्याकडून गेल्या. मी पुसल्या. मला कळलं नाही.’

तुळजाबाईंनी मान वळवून मला त्या नळीत पकडलं. ‘कळलं न्हाई तर काय करशील? पुसलं तर पुसलं. दावा काय हाय त्ये.’

ह्यांनी मोठा फोटो टेबलावर पसरला. तुळजाबाई वाकल्या आणि नाक टेकेल इतक्या जवळून बघत सरकू लागल्या. ‘ह्ये केळीचं पान… ह्यो कुनाचा तरी हात… ह्यो कुनाचा हाय?’ मग डावीकडे सरकल्या. ‘हितं पिवळं काय हाय?’ ती स्नेहलच्या साडीची निरी होती. परत वर गेल्या तर हात सापडेना. पाच मिनिटं झाली. पान होतं, हात होता, पिवळं होतं, पण लग्न काही दिसेना. मागे सरून बघा म्हटलं, तर सगळंच धुरकट व्हायचं, कारण फोटोच धुरकट. त्या सरळ झाल्या आणि म्हणाल्या, ‘ऱ्हाऊ दे, इश्राम. लई कष्ट केलंस.’ भैरू बाहेर बघायला लागले.

मी त्यांना काउंटरपाशी खुर्ची दिली, पाणी दिलं. ह्यांनी फोटोची गुंडाळी करायला घेतली. काउंटरवर शाळेच्या पोरांचे पासपोर्ट फोटो कापून ठेवले होते. तुळजाबाईंच्या हाताला त्यातला एक लागला. त्यांनी तो उचलून डोळ्यांपुढे धरला आणि सहज म्हणाल्या, ‘ह्यो कुनाचा गं? भुवईवर टाका पडलाय बग. आन डावा कान लई मोट्टा हाय.’

मी तो फोटो बघितला. टाका होता. मला सकाळपासून दिसला नव्हता.

‘अहो,’ मी म्हटलं, ‘त्यांना मोठं नकोय. त्यांना बारीक पाहिजे. त्या नळीत अख्खं मावेल एवढं.’

आम्ही सगळे एकाच चुकीत होतो. डोळे अधू, म्हणजे फोटो मोठा. पण त्यांचं मधलं दिसणं चांगलं धारदार होतं, फक्त जागा अपुरी होती. मोठ्या फोटोत त्यांना एका वेळी एक हात दिसायचा, अख्खा मांडव कधीच नाही. ह्यांनी झटक्यात हिशोब केला. बाराशे ठिपके चार इंचांत बसवले की इंचाला तीनशे. लग्नाच्या अल्बमला लागतात तेवढेच. म्हणजे भिंतीला जे काहीच पुरत नव्हतं ते तळहाताला पुरून उरत होतं. मी पुसलेल्या फाइली आज असत्या तरी ह्यापेक्षा जास्त त्यांना दिसणार नव्हतं. मी हे सगळं दोनदा ऐकून घेतलं, मनाची खात्री होईपर्यंत.

ह्यांनी प्रिंटर लावला. एकेक फोटो बाहेर यायचा, पत्त्याएवढा, टोकदार. मी तो तुळजाबाईंच्या हातात द्यायची. ‘हळद,’ त्या म्हणायच्या. ‘ही माजी जाऊ. मेली, हसती कशी बग.’ ‘ह्यो भैरू, तवा केस हुतं त्याला.’ भैरूंनी टोपी पुढे ओढली. दुकानात दोन गिऱ्हाइकं आली, तीही थांबून बघायला लागली. मग मंगलाष्टका सुरू झाल्या, म्हणजे फोटोत. अंतरपाट, मामा, भटजी.

एका फोटोपाशी त्या अडकल्या. हवेत अक्षता होत्या, दाणा न् दाणा दिसत होता. नवरा समोर बघत होता आणि स्नेहलनं मान बाजूला वळवली होती.

‘इश्राम, कुटं बगतीया ही?’

हे पुढे आले. ‘ह्ये अल्बमात घातलेच न्हवते मी. कॅमेऱ्याकडं बघना, नवऱ्याकडं बघना. तेरा फोटो असेच गेले. लई राग आलेला मला तिचा.’ आणि बोलता बोलता फोटोवर वाकले. मग हळूच म्हणाले, ‘मावशी, मांडव तुमच्या पुढच्या अंगणात हुता. घराच्या त्या अंगाला बोळ हाय की न्हाई? त्या बोळातनं मागची तुळस दिसती.’

तुळजाबाईंनी फोटो आणखी जवळ घेतला.

‘आन मी पाठ करून बसले हुते,’ त्या म्हणाल्या.

भैरूंनी न सांगता चिपळूणला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि फोन त्यांच्यापुढे काउंटरवर ठेवला. स्नेहलनं ‘बोल काका’ म्हटलं.

‘मी हाय. अक्षता पडताना तू कुनाकडं बगत हुतीस गं?’

तिकडे कुकरची शिट्टी झाली.

‘तुज्याकडं,’ स्नेहल म्हणाली. ‘मला वाटलं, आई एकदा तरी वळंल.’

‘वळायचं नसतं म्हनत्यात, म्हनून न्हाई वळले,’ तुळजाबाई म्हणाल्या. डोळ्यांना धारा लागल्या होत्या, तरी त्यांनी डोळे मिटले नाहीत, पुसलेही नाहीत. ‘आता वळले बग.’

आणि फोन तसाच चालू ठेवून, तो चार इंचांचा फोटो डोळ्यांपुढे धरून, त्या लेकीकडे बघत बसल्या.